रानडुकरांच्या बंदोबस्तासाठी गोळीची निवड : अंतर, पार्श्वभूमी आणि परवानगी

सोलापूर जिल्ह्यात ज्वारी, हरभरा, मका, भुईमूग व ऊस या पिकांचे रानडुकरांपासून होणारे नुकसान हा आता नेहमीचा प्रश्न झाला आहे. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर कालव्याच्या व नदीकाठच्या पट्ट्यात उसाचे क्षेत्र वाढत गेले. दाट उसात डुकराला सावली, पाणी, लपण व खाद्य चारही गोष्टी एके ठिकाणी मिळतात. दिवसा उसात बसायचे आणि रात्री शेजारच्या मक्यात किंवा भुईमुगात उतरायचे, असा त्यांचा क्रम असतो. मादीचा गाभणकाळ साधारण चार महिन्यांचा असून एका वेळी चार ते सहा पिले होतात. त्यामुळे कळपांची संख्या लवकर वाढते.

अशा वेळी ज्यांच्याकडे पीक संरक्षणाची किंवा अन्य परवान्याची बंदूक आहे, ते शेतकरी हमखास एक प्रश्न विचारतात, “साहेब, लांबून डुक्कर पडेल अशी गोळी कोणती?” प्रश्न रास्त आहे, परंतु तो अर्धाच आहे. फवारणीचे औषध निवडताना आपण कीड कोणती, पिकाची अवस्था कोणती आणि वारा कोणत्या दिशेचा हे पाहतो. गोळी निवडतानाही प्राणी कोणता, अंतर किती आणि प्राण्याच्या पलीकडे काय आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. प्रस्तुत लेखात या तीन बाबींची माहिती दिली आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी रब्बी हंगामात मोहोळ तालुक्यातील एका गावी शिवारफेरीसाठी गेलो होतो. ज्वारी पोटऱ्यात होती. बांधावर ऊसतोडणी कामगारांच्या कोप्या पडल्या होत्या. त्यांपैकी एका कोपीच्या पत्र्याला बोट जाईल एवढे भोक होते. आत जमिनीवर वाकळ अंथरलेली होती आणि भोक वाकळेच्या वर दीड वीत होते. त्या वाकळेवर कामगाराची चार वर्षांची मुलगी झोपलेली होती, असे तिच्या आईने सांगितले. मुलगी वाचली.

गोळी आली होती तीन शेते पलीकडून. बार काढणारे गृहस्थ वयस्क, अनुभवी शेतकरी. ते बाजूला उभे होते. मला म्हणाले, “साहेब, म्या तर डुकरावर बार काढला हुता. डुक्कर खाली, कोपी तिकडं लांब. गोळी तिथवर कशी गेली, मलाच उमगंना.” त्यांच्याकडे रानडुक्कर मारण्याची परवानगी नव्हती, हा भाग वेगळा. परंतु त्यांच्या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक बंदूकधारक शेतकऱ्याला ठाऊक असले पाहिजे. ते पुढे दिले आहे.

आधी कायदा, नंतर काडतूस

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार कोणत्याही अनुसूचित वन्यप्राण्याची शिकार करण्यास मनाई आहे. कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर अनुसूची २ मध्ये आहे. उभ्या पिकाला धोकादायक झालेल्या अशा प्राण्याच्या शिकारीची लेखी परवानगी कलम ११ अन्वये मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी देऊ शकतो. त्यासाठी आपल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. अर्जासोबत ७/१२ चा उतारा व नुकसानीचा तपशील जोडावा. लेखी आदेश हातात आल्याशिवाय बार काढू नये.

काळवीट, चिंकारा, लांडगा व माळढोक हे अनुसूची १ मधील प्राणी आहेत. काळविटाने हरभरा खाल्ला म्हणून त्याला मारण्याची परवानगी मिळत नाही. पिकाचे नुकसान हे अनुसूची १ मधील प्राण्याच्या बाबतीत कारणच ठरत नाही. आपल्या भागात रात्रीच्या अंधारात बॅटरीच्या झोतात चमकणारे डोळे डुकराचे की काळविटाचे, हे लांबून ओळखणे कठीण असते. लांबचा बार टाळण्याचे हे पहिले कारण होय.

नान्नज येथील माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले. अभयारण्यात विनापरवानगी शस्त्र घेऊन प्रवेश करता येत नाही. अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्र परवानाधारकाने वनखात्याकडे आपल्या नावाची नोंद करावयाची असते. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा व करमाळा तालुक्यांतील शेतकऱ्यांनी आपला गट हद्दीच्या आत येतो की बाहेर, याची खात्री वन कार्यालयातून करून घ्यावी.

शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये पीक संरक्षणासाठी प्रामुख्याने ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्याला पटल्यास किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर होऊ शकते. दुसऱ्याची बंदूक उसनी घेऊन वापरणे हा गुन्हा आहे. काडतुसांचा हिशेब परवान्याप्रमाणे ठेवावा.

बंदूक व गोळ्यांचे प्रकार

१) छऱ्यांचे काडतूस : बारा बोअर बंदुकीच्या नळीचा आतील व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर असतो. या मापाच्या शिशाच्या १२ गोळ्या एक पौंड भरतात, म्हणून बारा बोअर हे नाव पडले. पुण्याजवळ खडकी येथील दारूगोळा कारखान्याची काडतुसे आपल्याकडे पूर्वापार वापरात आहेत. काडतुसावर एल.जी., एस.जी. किंवा क्रमांक लिहिलेला असतो. एल.जी. चा एक छर्रा सुमारे ९ मिलिमीटर व्यासाचा व साडेचार ग्रॅम वजनाचा असतो. एस.जी. चा सुमारे साडेआठ मिलिमीटर व साडेतीन ग्रॅमचा असतो. ६ नंबरचा छर्रा अडीच मिलिमीटरच्या आसपास असून त्याचे वजन ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढेच भरते. ६ नंबरने रानडूक मरत नाही, फक्त जखमी होते. तो डुकरासाठी कदापि वापरू नये.

२) एकच मोठी गोळी असलेले काडतूस : बारा बोअरमध्ये सुमारे २८ ग्रॅम वजनाची एक अखंड गोळी येते. ती जड असल्याने हाड मोडून आत जाते. परंतु गुळगुळीत नळीतून तिचा नेम ५० मीटरपलीकडे भरवशाचा राहत नाही.

३) रायफलची गोळी : रायफलच्या नळीत आतून पिळदार आटे असतात. त्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत सरळ जाते. भारतीय आयुधनिर्माणीची .३१५ रायफल नागरी परवान्यावर मिळते. तिची गोळी सुमारे १६ ग्रॅमची असते. .३०३ सारख्या लष्करी मापाच्या रायफली नागरिकांसाठी प्रतिबंधित आहेत.

रायफलच्या गोळीतही दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला पूर्ण आवरणाचा. यात शिशाभोवती तांब्याच्या मिश्रधातूचे आवरण टोकापर्यंत असते. ही गोळी प्राण्याच्या अंगातून सुईसारखी आरपार जाते, आकार बदलत नाही. प्राणी पळून जातो आणि दूरवर तडफडून मरतो, शिवाय गोळी पलीकडे जोरात निघून जाते. दुसरा मऊ टोकाचा. यात टोकाला शिसे उघडे असते. अंगात शिरल्यावर टोक छत्रीसारखे पसरते, जखम रुंद होते व गोळीचा जोर प्राण्याच्या अंगातच खर्च होतो. कलकत्त्याजवळील डमडमच्या दारूगोळा कारखान्यात १८९० च्या दशकात अशा गोळ्या बनल्या, म्हणून त्यांना डमडम हे नाव मिळाले. १८९९ च्या हेग परिषदेत पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरण्यास मनाई करण्यात आली. म्हणूनच लष्कराची गोळी पूर्ण आवरणाची असते. आपल्या भागात माजी सैनिक बंधू बरेच आहेत. सैन्यातील सवयीने ते पूर्ण आवरणाची गोळी निवडतात. रानडुकरासाठी मात्र मऊ टोकाची, जड गोळी हीच योग्य होय. वयात आलेल्या नर डुकराच्या खांद्यावर जाड, चिवट कातडीची ढाल असते. हलकी गोळी तेथेच फुटून अडकते.

४) ठासणीची बंदूक : हिच्यात खिळे, लोखंडी तुकडे, सायकलचे छर्रे भरण्याची प्रथा काही ठिकाणी आहे. ती अत्यंत घातक आहे. नळी खरवडली जाते, फुटते व चालवणाऱ्याचा हात किंवा डोळा जातो.

लांब पल्ल्याचा हिशेब

गोळी सरळ रेषेत जात नाही. नळीबाहेर पडताच ती खाली येऊ लागते व हवेच्या विरोधाने तिचा वेग कमी होतो. उदाहरणादाखल १६ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला ६०० मीटर वेगाने सुटली असे धरू. ढोबळ हिशेबाने ती नळीच्या रेषेपासून,

- १०० मीटरवर सुमारे १६ सेंटिमीटर,
- २०० मीटरवर सुमारे ७० सेंटिमीटर,
- ३०० मीटरवर सुमारे १९० सेंटिमीटर खाली येते.

रायफलची माशी व दर्शनी कोणत्याही एका अंतरासाठी जुळवलेली असते. अंतराचा अंदाज चुकला की नेम चुकतो. ३०० मीटरवरील डुक्कर २५० मीटरवर आहे असे समजून बार काढला, तर गोळी बरीच खाली लागते. डुकराचे हृदय व फुप्फुसे पुढच्या पायाच्या मागे, छातीत खालच्या बाजूस असतात. ही जागा जेमतेम वीतभर रुंद आहे. रात्री, उघड्या माळावर, हाताच्या अंदाजाने ५० मीटरची चूक सहज होते. त्यातच आडव्या वाऱ्याने गोळी बाजूला सरकते ते वेगळेच.

जोराचेही तसेच आहे. वरील गोळीचा सुटतानाचा जोर सुमारे २,८८० ज्यूल असतो. ३०० मीटरपर्यंत वेग सेकंदाला ३७५ मीटरच्या आसपास आला तर तो सुमारे १,१०० ज्यूल, म्हणजे ४० टक्क्यांच्या आत उरतो. वेग कमी झाला की मऊ टोकही नीट पसरत नाही. शिवाय गोळी पोहोचायला अर्ध्या सेकंदाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात चरणारे डुक्कर एक पाऊल पुढे टाकते आणि छातीत धरलेला नेम पोटात लागतो.

छऱ्यांचा पल्ला तर आणखी कमी. साध्या नळीतून छऱ्यांचा घेर दर मीटरला अडीच ते तीन सेंटिमीटरने वाढतो. ४० मीटरवर तो एक मीटरहून मोठा होतो. एल.जी. चे सहाच छर्रे एवढ्या घेरात विखुरले तर वीतभर जागेत एकही लागेल याची शाश्वती नसते. १५ ते २० मीटरच्या आत घेर अर्ध्या मीटरच्या आसपास राहतो. म्हणून एल.जी. चे अंतर २० मीटर समजावे.

जखमी रानडुक्कर उसात शिरते. सकाळी तोडणीला आलेल्या बाया-माणसांवर ते धावून जाते. लांबून मारलेल्या अर्धवट बाराची किंमत दुसऱ्याने मोजावी, हे योग्य नाही.

गोळी कोठे थांबेल?

आता मोहोळच्या शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. उभा माणूस बंदूक जमिनीपासून सुमारे १.४ मीटर उंचीवर धरतो. डुकराची छाती सुमारे ०.४ मीटर उंचीवर असते. डुक्कर १०० मीटरवर असेल तर गोळी १०० मीटरमध्ये फक्त एक मीटर खाली उतरते. डुकराला चुकवून किंवा भेदून गेलेली गोळी त्याच्या पलीकडे आणखी सुमारे ४० मीटर गेल्यावर जमिनीला लागते, आणि तेही एक अंशाच्या आसपासच्या कोनात. एवढ्या तिरप्या कोनात गोळी मुरमात रुतत नाही. नदीत भाकरीसारखा फेकलेला खापराचा तुकडा जसा पाण्यावरून उड्या मारत जातो, तशी ती मुरूम, खडक किंवा वाळलेल्या ढेकळावरून उसळी घेते. डुक्कर खाली होते, नेमही खालीच होता, तरी गोळी कोपीच्या पत्र्यापर्यंत गेली, त्याचे कारण हेच.

रायफलची गोळी तीन किलोमीटरपेक्षाही दूर जाऊ शकते. एल.जी. चा छर्राही सुमारे ७०० मीटर जातो. आपले शिवार सपाट आहे. टेकडीचा आडोसा क्वचितच मिळतो. शेतीपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीच्या पाळीत येते, त्यामुळे शेजारी दारे धरायला रानात असतो. धनगर बांधवांचा मेंढवाडा कोणत्या रात्री कोणाच्या रानात बसेल, याचा नेम नसतो. हंगामात तोडणी कामगारांच्या कोप्या असतात. अंधारात दिसत नाही म्हणजे तेथे कोणी नाही, असे कधीही समजू नये.

यावर उपाय आपल्या शेतातच आहे. ज्वारीची पाखरे राखण्यासाठी आपण माळा बांधतो. तसाच भक्कम माळा डुकरांच्या येण्याच्या वाटेजवळ बांधावा. बंदूक जमिनीपासून ४ मीटर उंचीवर असेल व डुक्कर २५ मीटरवर असेल, तर गोळी त्याच्या पलीकडे तीन मीटरच्या आत जमिनीत शिरते. कोनही आठ अंशांच्या पुढे जातो. डुक्कर १५ मीटरवर असेल तर कोन आणखी तीव्र होतो. समोरची जमीन नांगरलेली किंवा पाणी दिलेली असल्यास गोळी रुतण्याची शक्यता वाढते. दगडी ताल, विहिरीचा कठडा किंवा खडक समोर असेल त्या दिशेने बार काढू नये. माळ्याची जागा दिवसाउजेडी निवडावी व बार काढण्याची दिशा दोन खुंट्या रोवून पक्की करावी. खुंट्यांच्या बाहेर डुक्कर गेले तर जाऊ द्यावे.

शिशाबद्दल एक सूचना

मऊ टोकाची शिशाची गोळी अंगात फुटते तेव्हा तिचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात. असे मांस खाणाऱ्या गिधाड, घारी इत्यादी पक्ष्यांना विषबाधा होते. याच कारणाने अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर पूर्ण बंदी आणली. तेथे आता तांब्याच्या गोळ्या वापरतात. आपल्याकडे परवानगीने मारलेला प्राणी शासनाची मालमत्ता ठरतो. म्हणून तो परस्पर कापू नये, वाटू नये किंवा रानात टाकून देऊ नये. वनखात्याला लगेच कळवावे व त्यांच्या पंचनाम्यानंतरच विल्हेवाट लावावी.

बंदुकीशिवाय काय करता येईल?

बंदूक हा शेवटचा उपाय आहे. एक डुक्कर मारल्याने कळप थांबतो असे नाही. भुईमूग, हरभरा यांच्या चहूबाजूंनी काटेरी करडईच्या चार ओळी दाट पेराव्यात. सोलापूर हे करडईचे माहेरघर असून भीमा हा काटेरी वाण आपल्या परिचयाचा आहे. नारी-६ सारखा बिनकाट्याचा वाण यासाठी उपयोगी नाही. करडईचे काटे पीक मोठे झाल्यावरच कडक होतात. म्हणून बांधाची करडई मुख्य पिकाच्या आधी पेरणे फायद्याचे ठरते आणि पहिले काही आठवडे राखण करावीच लागते. वस्तीलगतचा ऊस स्वच्छ ठेवावा, पाचट व गाजरगवताचे दाट ठिकाण राहू देऊ नये. शक्य तेथे गावाने मिळून प्रमाणित सौरकुंपण करावे. तारेत थेट विजेचा प्रवाह सोडणे, सुतळी बॉम्ब, विष किंवा फासे लावणे हे गुन्हे आहेत. त्यात माणसे, जनावरे व काळविटेही मरतात.

नुकसान झाल्यास वनखात्याकडे भरपाईसाठी वेळेत अर्ज करावा. महाराष्ट्रात वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या हानीच्या भरपाईचा स्वतंत्र कायदा २०२३ मध्ये झाला आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

१. लेखी परवानगीशिवाय रानडुकरावर बार काढू नये. काळवीट व चिंकारा यांच्यावर कधीच नाही.
२. बारा बोअरमध्ये २० मीटरच्या आत एल.जी., ५० मीटरच्या आत अखंड गोळी वापरावी. लहान छर्रे वापरू नयेत.
३. रायफल असल्यास मऊ टोकाची जड गोळी घ्यावी, पूर्ण आवरणाची नको. तरीही अंतर ५० मीटरच्या आतच ठेवावे.
४. बार माळ्यावरून, खालच्या दिशेने व मऊ जमिनीकडेच काढावा.
५. बार काढण्यापूर्वी शेजारचे शेतकरी, मेंढपाळ व तोडणी कामगार यांना दिवसाच कळवून ठेवावे.
६. पिलांसोबतची मादी सोडून द्यावी.
७. जखमी डुकराचा रात्री एकट्याने माग काढू नये. वनखात्याला कळवावे.

शेतकरी बंधूंनो, लांब पल्ल्याची गोळी बाजारात मिळते, पण तिला थांबवणारा डोंगर आपल्या शिवारात नाही. मोहोळच्या त्या शेतकऱ्याने नंतर बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली आणि बांधाने करडई पेरली. दुसऱ्या वर्षी डुकरे आली नाहीत असे नव्हे, आली. भुईमुगाच्या दोन वाफ्यांचे नुकसान झाले. “दोन वाफे गेले तर गेले साहेब,” ते मला म्हणाले, “रातीला डोळा तरी लागतोय.” मक्याचे नुकसान पुढच्या हंगामात भरून निघते. कोपीतल्या वाकळेवर झोपलेल्या लेकराचे नुकसान भरून निघत नाही. गोळीची निवड करताना हा हिशेब सर्वांत आधी मांडावा.